करंगळीचं नख

माझ्या उजव्या करंगळीचं नख बावीस वर्षं लांब होतं. शोभेसाठी नव्हे, माझ्यासारख्या बाईला शोभेचं काय पडलंय. ते कामाचं नख होतं. रुग्णालयाच्या ज्या खोलीत मी बसते तिथे माणसांच्या शरीरातले तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसून येतात आणि मी मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्यांचे काप काढते. एक काप तीन मायक्रॉनचा. म्हणजे डोक्यावरचा एक केस घ्या, त्याचे उभे वीस-बावीस पापुद्रे करा, त्यातला एक. हे काप एकाला एक चिकटून फितीसारखे बाहेर येतात. ती फीत अलगद उचलायची, कोमट पाण्यावर सोडायची आणि सुरकुती पडू न देता काचेवर घ्यायची. बाकीचे लोक ब्रश वापरतात. मी नखाने उचलायचे. कुणी नवीन मुलगी शिकायला आली आणि हातमोजे घालून यंत्रासमोर बसली, की मी पहिल्याच दिवशी तिला झापायचे. "चाचपडत काम करायचंय का तुला? काढ ते आधी."

हातमोज्यांशिवाय काम केलं की हात फुटतात, हे खरं आहे. त्या औषधांनी माझ्या बोटांना बारा महिने भेगा असायच्या. साबण लागला की डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरबाई, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, दर वर्षी मला नवीन मलम आणून द्यायच्या आणि मी ते दर वर्षी खणात टाकायचे. माझ्या कामात खोट नाही, मग माझ्या हातांची काळजी तुम्हाला कशाला, असं माझं म्हणणं. तोंडाने मी फटकळच आहे. पण बावीस वर्षांत माझ्या काचेवर एकदाही पाहुणा आला नव्हता.

पाहुणा म्हणजे काय ते सांगते, कारण पुढे तो येणार आहे. कोमट पाण्यावर एका माणसाच्या तुकड्याची फीत सोडली, ती उचलली, आणि पाणी नीट निपटून घेतलं नाही, तर त्याचा एखादा कण तिथेच तरंगत राहतो. मग दुसऱ्या माणसाची फीत त्याच पाण्यावर आली की तो कण गुपचूप तिच्या काचेवर चढतो. कर्करोग एकाचा आणि नाव दुसऱ्याचं. आमच्या खोलीत त्या कणाला पाहुणा म्हणतात. माझ्या पाण्यात पाहुणा सापडला असं म्हणणाऱ्याचं मी तोंड बघितलं नसतं.

त्या खोलीत माझा एकच जिवाभावाचा माणूस होता. त्याला सगळे टपाल म्हणायचे. शस्त्रक्रियेच्या खोलीतून डबीतले तुकडे आमच्याकडे आणायचे आणि आमच्याकडचे अहवाल मजल्यामजल्यावर पोचवायचे, हे त्याचं काम, म्हणून टपाल. अडतीस वर्षांचा बाप्या, एका मुलीचा बाप, पण जिना चढताना शीळ घालायचा. मला तो ताई म्हणायचा. मी एकटी राहते. नवऱ्याला जाऊन चौदा वर्षं झाली, मूलबाळ नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर माझ्याशी बोलायला रेडिओ. त्यामुळे दुपारचा डबा टपालबरोबर खायचा, हाच माझा दिवसभराचा संसार होता.

त्याचा डबा त्याच्या घरून यायचा, माझा माझ्या घरून. पण काकडी आणि गाजर माझ्याकडून. नऊ वर्षं. मला कच्चं काही सोसत नाही, पोटात गुबारा धरतो. मी फक्त त्याच्यासाठी कापायचे. हात पाण्याखाली धरायचे, रुमालाला पुसायचे, पुढ्यात कागद अंथरायचे आणि कापायला बसायचे. अशा चकत्या की खालच्या कागदावरची अक्षरं वाचता यावीत. वर मीठ टाकून हाताने चोळायचे. तो एक चकती खिडकीकडे धरून तिच्यातून माझ्याकडे बघायचा.

"ताई, किती मायक्रॉन?"

"खा गुमान."

"तुम्ही दिसताय आरपार."

"मग दुसरीकडे बघ."

रोज हेच. रोज तो हसायचा आणि मी हसायचं नाही असं ठरवून हसायचे. त्याच्या बायकोचं मला मनातून वाईट वाटायचं, कारण तो घरी जाऊन तिला माझ्या कापण्याचे गोडवे गायचा.

तो गेला त्या मंगळवारी सकाळचे साडेअकरा वाजले होते. दोन महिन्यांपासून त्याचं डोकं अधूनमधून दुखायचं. मी म्हणायचे, कामचुकारपणा करायला बरं दुखतं रे तुझं डोकं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असंही म्हणाले होते. त्या दिवशी ट्रेमध्ये चार डब्या घेऊन तो माझ्या दारात उभा राहिला. मागून जिन्यावरून कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने झटकन मान वळवली. ट्रे पडला, डब्या फरशीवर गडगडत गेल्या.

"मेल्या, पाडल्यास ना!" मी यंत्रावरची नजर न काढता ओरडले.

ती माझी रोजची शिवी होती. उत्तर आलं नाही म्हणून मी वर बघितलं. तो दारात आडवा पडला होता, डोळे उघडे होते आणि एक चप्पल पायातून निघून बाजूला गेली होती. रुग्णालयात मेला तो, डॉक्टरांच्या गराड्यात, आणि कुणाला काहीही करता आलं नाही. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. मी तिथेच उभी होते आणि माझ्या नखावर अजून कुणाच्या तरी यकृताची फीत लटकत होती.

धडधाकट माणूस असा कसा जातो, हे कुणालाच कळेना. शवविच्छेदन करायचं ठरलं. त्याच्या थोरल्या भावाने आधी नाही म्हटलं, मग सही केली. हृदय ठणठणीत निघालं. मेंदू दोन आठवडे औषधात ठेवावा लागतो, तेव्हा कुठे तो कापण्याइतका घट्ट होतो. ते दोन आठवडे तो आमच्याच कपाटात होता, नंबर लावलेल्या बादलीत. मी त्या कपाटाकडे पाठ करून बसायचे.

मेणाचे ठोकळे तयार झाले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाई, हे दुसऱ्या कुणाकडे देते. तुम्ही सुट्टी घ्या."

"त्याचं काम दुसऱ्याच्या हातून व्हायचं नाही," मी म्हणाले. "तिरकं कापतात सगळे."

मी कापले. माझा हात हलला नाही, त्याचा मला अभिमानही वाटला. फक्त तिसऱ्या ठोकळ्याला पातं करकरलं. मऊ मेंदूत खडा यावा तसं. मी पातं बदललं. पाचव्या ठोकळ्याला पुन्हा करकर. मेंदूत खडे कुठून आले, हे मला कळेना. मी काचा रंगवल्या आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवल्या.

त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला दोघांना बघायची सोय आहे, समोरासमोर. त्यांनी पहिली काच लावली आणि "अरे देवा" म्हणाल्या. तीस वर्षं मेलेल्या माणसांचे अवयव बघणारी ती बाई. मी समोरच्या भिंगाला डोळा लावला.

मला जे दिसलं ते मी अजून डोळे मिटले की बघते. गुलाबी, नाजूक मेंदू, आणि त्यात एक पोकळी, आणि त्या पोकळीत कुणीतरी बसलेलं. त्याला चार गोल तोंडं होती, धरून ठेवायची. मधोमध गळासारख्या आकड्यांचं वर्तुळ, एकाआड एक लहानमोठे आकडे, नीट मांडल्यासारखे. काय सुबक काप आला होता! माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काप. मी खुर्चीतून उठले आणि बेसिनपाशी जाऊन ओकले.

"पट्टकृमीचं पिल्लू आहे हे," डॉक्टरबाई मागून म्हणाल्या. "डुकरातला कृमी. मेंदूतलं पाणी खाली उतरतं त्या वाटेवरच याचा वाटाण्याएवढा फुगा होता. मान वळवली तशी बुचासारखा बसला."

"आणि ते खडे?"

"जुने. मेलेले, चुना होऊन बसलेले. किती सापडले तुम्हाला?"

"दोनदा पातं करकरलं."

त्यांनी सगळ्या काचा बघायला दीड तास घेतला. मी समोर बसून राहिले. दोन खडे, चार जिवंत, एक अर्धमेला. सात. आमच्या टपालच्या डोक्यात सात जण राहत होते आणि तो शीळ घालत जिने चढत होता. मी त्याला कामचुकार म्हणाले होते. माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आणि थोरला भाऊ आले. बायको बारीक चणीची, मान खाली घालून बसलेली. भाऊ शाळेत मुख्याध्यापक. आवाज वर्गात चढवायची सवय. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. डुकराचं नाव निघालं मात्र, तो उभा राहिला.

"आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही! माझ्या भावाने जन्मात मांसाला हात लावला नाही. ही काच त्याची नाहीच. तुमच्याकडे अदलाबदल झालीय. होते की नाही तुमच्याकडे अदलाबदल?"

"क्वचित होते," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नाहीत.

"मग झालं तर!"

माझं टाळकं सरकलं. माझ्या पाण्यात पाहुणा? मी म्हणाले, "चला माझ्याबरोबर. तुमच्या डोळ्यांसमोर कापते."

डॉक्टरबाई नको नको म्हणत होत्या, पण मी त्या दोघांना माझ्या खोलीत नेलं. भांड्यातलं पाणी ओतलं, भांडं घासलं, नवीन पाणी भरलं. नवीन पातं लावलं. ठोकळ्यावरचा नंबर भावाला मोठ्याने वाचायला लावला. मग त्याच ठोकळ्यात आणखी खोल गेले, तीस काप टाकून दिले आणि एकतिसावा नखाने उचलून काचेवर घेतला. रंगवला. तासाभराने डॉक्टरबाईंनी तो लावला. आकड्यांचं वर्तुळ तिथेच होतं, आधीपेक्षा थोडं मोठं. दोन्ही बाजूंना मेंदू, अखंड, त्याला धरून. पाहुणा असा आत रुतून बसत नाही.

"बघा," मी म्हणाले. "ही त्याचीच काच आहे." काय जिंकल्यासारखं म्हणाले मी ते!

भाऊ खाली बसला. मग डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते मलाही धड माहीत नव्हतं. इतकी वर्षं मीही समजत होते की हा रोग मांस खाऊन डोक्यात जातो. तसं नाही. कच्चंपक्कं मांस खाणाऱ्याच्या पोटात नुसता लांब कृमी होतो. तो तिथे वर्षानुवर्षं सुखाने राहतो, त्या माणसाला पत्ताही नसतो. पण त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात आणि हात नीट धुतले नाहीत तर नखांतून दुसऱ्याच्या खाण्यात जातात. ज्याच्या खाण्यात जातात त्याच्या मेंदूत ही पिल्लं होतात.

"यात नवे आहेत आणि जुनेही आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे एकदा कुठेतरी बाहेर खाल्लं, असं दिसत नाही. कुणाच्या तरी हातचं वर्षानुवर्षं खाल्लंय. घरातल्या सगळ्यांना तपासू या."

भावाने मान वळवली आणि टपालच्या बायकोकडे बघितलं. तिने दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

आणि मी काय केलं? मी तिच्याकडे वळले. माझा भाऊच गेला होता, मला कुणावर तरी भडकायचं होतं. मी तिला म्हणाले, "का गं, हात तरी नीट धुवत होतीस का?"

तिने वर बघितलं. काही बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला वाटलं, बोलायला जागाच नाही हिला.

घरातल्या चौघांच्या शौचाची तपासणी तीन-तीनदा झाली. बायको, मुलगी, भाऊ, म्हातारी आई. काहीही सापडलं नाही. डॉक्टरबाईंनी तसं लेखी दिलं. भावाने ते वाचलं आणि म्हणाला, आता नसेल, तेव्हा असेल; माझा भाऊ घरीच जेवायचा. त्या घरात पुढे काय चाललं ते मला कळत होतं, कारण त्याच्या निवृत्तिवेतनाचे कागद न्यायला टपालची बायको दर आठवड्याला रुग्णालयात यायची. तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नव्हते. तिची कपबशी वेगळी ठेवली होती. मुलीला ती भरवायला गेली की सासू मुलीला उचलून घ्यायची. हे तिने मला रडून नाही सांगितलं, बाकावर बसून सरळ आवाजात सांगितलं. मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, भोग आता.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरबाई माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"बाई, तो दुपारी घरी जात होता का जेवायला?"

"छे. डबा असायचा."

"मग डबा घरचा असला, तरी फक्त घरच्याच हातचं खायचा, असं कसं म्हणता येईल? इथे कुणाबरोबर जेवायचा?"

मला हसू आलं. "आणखी कुणाबरोबर? माझ्याबरोबर. काकडी तर रोज माझ्याच…"

ते वाक्य तिथेच राहिलं. डॉक्टरबाई माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, करंगळीकडे. नखाखाली मेणाची बारीक पांढरी रेघ होती. मी टेबल धरलं.

"तुम्ही मांस खाता?" त्यांनी हळूच विचारलं.

खाते. गावाबाहेर माझी मोठी बहीण राहते. भाऊजींनी घरामागे दोन-चार डुकरं पाळलीत. महिन्यातून एकदा मी जाते, निखाऱ्यावर भाजतात, आणि सगळ्यांना ठाऊक आहे की मला करपलेलं चालत नाही. माझ्यासाठी आतून गुलाबी ठेवतात. भाऊजी म्हणतात, हिचं आधी काढा.

"लगेच घाबरू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तपासू."

ती तपासणी मीच केली. दुसऱ्या कुणाला काय सांगणार? सकाळी सगळ्यांच्या आधी आले, डबीवर नाव लिहिलं नाही, थेंबभर काचेवर घेतला आणि बघायला बसले. मला खात्री होती की काही नसणार. वीस मिनिटं काही नव्हतंच. मग तपकिरी, गोल, जाड कवचाचं एक अंडं भिंगाखालून सरकलं. मागोमाग दुसरं. मी काच उचलून पुसली आणि पुन्हा लावली, जणू काचेचाच दोष.

डॉक्टरबाईंनी मला खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, अंड्यावरून काहीच ठरत नाही. पट्टकृमी दोन जातींचा असतो. एक गुरांचा, एक डुकराचा. गुरांच्या कृमीची अंडी माणसाच्या मेंदूत जात नाहीत. तुमचा गुरांचा असेल तर तुमचा या मृत्यूशी काही संबंध नाही. मी गुरांचंही मांस कधीमधी खाल्लं आहे, असं मी त्यांना तीनदा सांगितलं. देवी नवसाला पावावी म्हणून एखादी बाई विनवते तशी मी त्यांना विनवत होते.

एक गोळी दिली त्यांनी. एकच. पाण्याबरोबर घेतली. दुसऱ्या दिवशी तो कृमी तुकड्यातुकड्यांनी बाहेर आला, चपट्या पांढऱ्या नाडीसारखा, माझ्यातून. पोटात दुखलं नाही, चक्कर आली नाही. इतकी वर्षं मला भूक नीट लागत होती, झोप लागत होती. पोटात गुबारा धरायचा, तो मी काकडीवर ढकलला होता. एका गोळीचं काम होतं ते. नऊ वर्षांत कुठल्याही दिवशी.

जात कळते ती अशी. कृमीचा एक पिकलेला तुकडा घ्यायचा, औषधात मुरवायचा, दोन काचांमध्ये दाबायचा आणि रंगवायचा. मधोमध अंड्यांच्या पिशवीचा देठ दिसतो आणि देठाला दोन्ही बाजूंनी फांद्या. एका बाजूच्या फांद्या मोजायच्या. पंधरापेक्षा जास्त असतील तर गुरांचा. तेरा किंवा कमी असतील तर डुकराचा.

डॉक्टरबाई म्हणाल्या, मी मोजते. मी म्हणाले, नाही. त्याचं काम मी केलं, माझंही मीच करणार.

मी तो तुकडा दाबला, रंगवला, भिंगाखाली ठेवला. नखाच्या टोकाने काच सरकवत वरून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चार, पाच. फांद्या जाड होत्या, विरळ होत्या, आणि मला तेव्हाच दिसलं होतं, पण मी हळूहळू मोजत राहिले. सहा, सात, आठ, नऊ.

देठ संपला. दहावी फांदी नव्हती. मी दुसऱ्या बाजूने मोजलं. आठ.

कुणीतरी दार वाजवून गेलं. मी टपालला मारलं होतं. विष घालून नाही, भांडून नाही, लाडाने. मीठ चोळून, रोज दुपारी एक वाजता. त्याच्या डोक्यातला सगळ्यात जुना खडा बहुधा पहिल्या वर्षाच्या काकडीचा होता. आणि माझ्या हातचं खाणारा जगात दुसरा कुणी नव्हता, म्हणून दुसरं कुणी मेलं नाही. एवढाच काय तो फरक.

"बाई, ऐका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे शंभर टक्के सिद्ध करता येणार नाही. आणि तुमची तपासणी ही तुमची खासगी गोष्ट आहे. मी ती कुणालाही सांगणार नाही, मला सांगताही येत नाही. बहिणीच्या घरच्यांना तपासणीला पाठवा, ते मात्र आजच. बाकी तुमचं तुम्ही ठरवा."

"त्याच्या अहवालात काय लिहिणार?"

"उगम सापडला नाही."

उगम सापडला नाही. मी त्या घरातली वेगळी ठेवलेली कपबशी आठवली. तो अहवाल तसाच फायलीत गेला असता आणि मी निवृत्त होईपर्यंत काप काढत बसले असते. कुणी मला एका शब्दाने विचारलं नसतं. खोटं कशाला बोलू, मी दोन दिवस तसंच करायचं ठरवलं होतं. दुपारी एक वाजता डबा उघडला आणि सवयीने सुरी हातात घेतली. मग सुरी ठेवली आणि खणातून नखं कापायचं यंत्र काढलं.

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. भावाने दार उघडलं आणि "या, या ताई" म्हणाला, कारण मी त्याच्यासाठी काच पुन्हा कापून दाखवणारी, सत्यवचनी बाई होते. म्हातारी पलंगावर झोपली होती. टपालची बायको मागच्या खिडकीपाशी खाली बसून मुलीच्या वहीवर रेघा मारून देत होती. खिडकीत तिची कपबशी होती, एकटीच.

मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते.

"ते तुमच्या घरातलं कुणी नव्हतं," मी म्हणाले. "ते माझ्यात होतं. माझ्या पोटात. मी स्वतः तपासलं. तो माझ्या हातची काकडी खायचा, नऊ वर्षं रोज. त्यातून गेलं. हिच्या हातून काही झालं नाही. हिचा काडीचा दोष नाही."

भावाने काहीतरी बोलायला हात वर केला आणि तो हात तसाच राहिला. मुख्याध्यापकाचा आवाज कुठे गेला कोण जाणे. तो एकदा माझ्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. शेवटी "पण तुम्ही तर…" एवढंच म्हणाला आणि स्टुलावर बसला.

टपालची बायको उठली नाही. वही तिने हळूच बंद केली. मला वाटलं आता ओरडेल, मला घराबाहेर काढेल. ते मी सोसलं असतं, त्याची तयारी करूनच आले होते.

"ते रोज म्हणायचे," ती म्हणाली, "ताईंसारखी कापत जा. मी जाड कापते म्हणून माझी टाकून द्यायचे. मी नवीन सुरी पण आणली होती."

तिने वही बाजूला सारली.

"ताई, त्या दिवशी तुम्ही मला सगळ्यांसमोर विचारलंत, हात नीट धुवत होतीस का."

"हो."

"तुम्ही धुवत होतात?"

ती भांडत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी माझ्या हातांकडे बघितलं. भेगा तशाच होत्या. करंगळीचं नख मुळापर्यंत कापलेलं होतं आणि बावीस वर्षांत उघडी न पडलेली खालची कातडी पांढरीफटक दिसत होती.

"नुसत्या पाण्याने," मी म्हणाले.

तिने मान हलवली, समजल्यासारखी. मग ती उठली, खिडकीतली कपबशी उचलली, दिरासमोरून चालत स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. साबणाचा वास बाहेरपर्यंत आला. बराच वेळ ती धुवत होती. मग कपबशी बाकीच्या कपबश्यांमध्ये ठेवल्याचा आवाज आला. तिला कुणी अडवलं नाही, आणि मी तिथेच उभी राहिले, हात कुठे ठेवावेत ते न कळून.